काचेतला कोपरा

सल्लागाराने चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि मधल्या चार ओळी पुन्हा वाचल्या. मग तो कागद त्याने टेबलावर ठेवून बाईंच्या दिशेने फिरवला.

"मावशी, रागावू नका," तो म्हणाला, "पण तुमच्या शेजारणीने जे लिहून दिलंय, त्याप्रमाणे तुमच्या मुलीचं पहिलं लग्न तुमच्याच मुलाशी झालं होतं."

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या सुनेला ठसका लागला. बाईंनी कागद जवळ ओढला. समोरच्या वहिनींचं टपोरं, एका ओळीत न राहणारं अक्षर होतं. 'या बाईंना मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून ओळखते. यांचा एक मुलगा होता, फार गुणी, तो ऐन उमेदीत गेला. यांची मुलगी अत्यंत सालस असून नवऱ्याच्या मागे तिने आईला फुलासारखं जपलं. आता तिचं दुसरं लग्न झालं आहे. पहिला नवरा म्हणजे यांचा वर सांगितलेला मुलगा.'

"त्यांना सून म्हणायचं असेल हो," बाई म्हणाल्या. "आमच्या मजल्यावर हिला सून कुणी म्हणतच नाही. मीच कधी म्हटलं नाही, तर लोक कशाला म्हणतील?"

"ते कौतुकाचं झालं, मावशी. पण तिकडे बसलेला माणूस कौतुक वाचत नाही, नातं वाचतो. मुलगी लिहिलं की तो जन्माचा दाखला मागणार."

"मग काय लिहायचं?"

"सून. म्हणजे, पूर्वीची सून." त्याने शब्द तोंडात घोळवून पाहिला. "दुसरं लग्न झाल्यावर कायद्याने तुम्ही दोघी एकमेकींच्या तशा कुणीच लागत नाही."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंसं वाटलं असावं. त्याने उगाच स्टेपलर उचलला आणि पुन्हा जागेवर ठेवला.

"कागदावर म्हणतोय मी."

"कागदाचंच तर चाललंय आपलं," बाई हसून म्हणाल्या. "सांगते वहिनींना, हिला पुन्हा सून करा म्हणून."

फाइल तशी भरत आली होती. लग्नाच्या नोंदणीचा दाखला होता. लग्नानंतर दोघांनी पलीकडच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या होत्या, त्यांच्या भाड्याच्या पावत्या होत्या. नवरा तिकडे, परदेशात, ज्या कंपनीत लिफ्ट दुरुस्त करत होता, त्या कंपनीचं पत्र होतं. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि तो गेल्यावर सून खोल्या सोडून बाईंकडे परत राहायला आली होती. आता बायकोला तिकडे बोलवायचं, तर लग्न खरं आहे, नुसतं कागदासाठी केलेलं नाही, हे तिकडच्या अधिकाऱ्याला पटवून द्यायचं होतं. माणसांनी लिहून द्यायचं, पावत्यांनी बोलायचं आणि फोटोंनी दाखवायचं.

सल्लागाराने सुनेच्या फोनमधले फोटो एकेक करून सरकवले. तीन-चार फोटो झाल्यावर त्याचं बोट थांबलं.

"हे मागे भिंतीवर कोण?"

"माझा मुलगा," बाई म्हणाल्या.

"म्हणजे..."

"हो. तोच. वर सांगितलेला."

"प्रत्येक फोटोत आहेत. हे दोघं सोफ्यावर आणि बरोबर मधोमध वर ते. दुसरीकडे कुठे काढलेले नाहीत का?"

"खिडकी समोर आहे ना," बाईंनी समजावून सांगितलं. "उजेड त्या भिंतीवर येतो. फोटो काढायचा तर तिथेच बसवणार. मी जन्मभर स्टुडिओत काम केलंय. पाठीमागून उजेड घेऊन तोंडं काळी कशाला करू?"

सल्लागाराने मान हलवली. पटलं म्हणून की वाद नको म्हणून, ते कळलं नाही.

"असू दे. खरं आहे ते आहे. छापून घ्या आणि प्रत्येक फोटोच्या मागे लिहा, कोण कोण आहे, केव्हाचा, कुणी काढला." त्याने सूचनांचं पान काढून सुनेपुढे धरलं. "आणि हे खालचं मोठ्याने वाचा. मी सगळ्यांना वाचायला लावतो. सही करताना कुणी वाचत नाही आणि मग माझ्या नावाने खडे फोडतात."

सुनेने वाचलं. तिचा आवाज मुळात हळू, ऑफिसातल्या पंख्याखाली तो अजून हळू झाला. फोटो मूळ स्वरूपातच द्यावेत. फोटोत काही काढल्याचं, घातल्याचं किंवा बदलल्याचं आढळल्यास अर्ज नामंजूर होईल आणि पुढची बरीच वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही.

"कळलं?" सल्लागार म्हणाला.

"कळलं," सून म्हणाली आणि तिने सही केली.

* * *

बाईंचं काम रिटचिंगचं होतं. आता ते सांगावं लागतं, तेव्हा सांगावं लागत नसे. स्टुडिओत पुढे मालक फोटो काढत, मागे अंधाऱ्या खोलीत एकजण फिल्म धुवत असे, आणि मधल्या खोलीत, खालून दिवा लावलेल्या उतरत्या काचेवर निगेटिव्ह ठेवून बाई बसत. पॉलिश कागदावर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल, मऊ टोकाचा ब्रश आणि एक पातं, एवढीच हत्यारं. चेहऱ्यावरची देवीची खूण घालवायची, डोळ्याखालची काळजी हलकी करायची, लग्नाच्या मुलीचा रंग लोकांना हवा तसा उजळायचा. फोटोवर डाग राहिला तर तो ब्रशने भरायचा. ब्रश जिभेवर ओला करायची सवय पडली होती. शाईची ती कडवट चव अजून आठवली की तोंडाला येते, असं त्या म्हणत.

लोक काय काय घेऊन येत! मुलीच्या लग्नाच्या आधीच वडील गेले, तर लग्नाच्या ग्रुपमध्ये वडील घालून द्या. घरातून निघून गेलेली मुलगी ग्रुपमधून काढून द्या. असं एक घर आलं होतं. पाच भावंडं ओळीने उभी, त्यातली एक काढायची. बाईंनी ती काढली. पदर काढला, पावलं काढली, मागच्या पडद्याच्या चुण्या पेन्सिलीने पुन्हा जुळवल्या. काम सुंदर झालं. फक्त धाकट्या भावाच्या खांद्यावर तिने ठेवलेला हात राहून गेला. मालकांनी कपाळाला हात लावला. पण ते लोक फोटो बघून काही बोलले नाहीत, तसाच घेऊन गेले. त्यांच्या लक्षात आलं नाही की लक्षात येऊनही ते बोलले नाहीत, याचा बाईंनी पुढे कित्येकदा विचार केला.

मुलगा गेला तेव्हा स्टुडिओ बंद होऊन जमाना झाला होता. त्याचा ओळखपत्रावरचा छोटा फोटो मोठा करून आणला आणि बाईंनी जुना ब्रश काढला. त्याच्या हनुवटीवर लहानपणी पडल्याचा व्रण होता. पहिल्या दिवशी सवयीने हात गेला आणि तो त्यांनी भरून टाकला. दुसऱ्या दिवशी बसून परत काढला. मग उजेडाच्या भिंतीवर त्याला लावलं.

सून तेव्हा कोवळी होती. तिच्या माहेरी भाऊ-भावजय. त्यांनी तोंडदेखलं बोलावलं, तिने तोंडदेखलं 'येते' म्हटलं आणि दोन्ही बाजूंचा जीव भांड्यात पडला. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. संध्याकाळी घरी आली की आधी बाईंच्या नाकावरचा चष्मा काढून पुसायची, मग चहा. दोघी मिळून हिशेबाने, हट्टाने आणि बऱ्यापैकी भांडत राहिल्या. भांडण बहुतेक रेडिओच्या आवाजावरून.

दुकान चौथ्या मजल्यावर होतं. एकदा लिफ्ट मध्येच अडकली आणि सून एकटी आत. दुरुस्तीवाला वरून फटीतून बोलत राहिला. घाबरू नका, खाली बसून घ्या, आज काय जेवलात ते सांगा. ती बाहेर आली तेव्हा तो म्हणाला, आवाजावरून वाटलं तेवढ्या तुम्ही उंच नाही. ही हकीकत तिने घरी हसत हसत सांगितली आणि बाईंनी भाजी निवडता निवडता वर पाहिलं. तिला असं हसताना त्यांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"त्याला चहाला बोलाव," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"आमच्या माणसाला सुखरूप बाहेर काढलं. चहा नको पाजायला?"

तो आला. मग दर रविवारी येऊ लागला. समोरच्या वहिनी दारात उभ्या राहून म्हणायच्या, "तुमच्या घरात लिफ्ट नाही, जिनाही नाही, हा दुरुस्त काय करतो?" बाई म्हणायच्या, "मला." लग्नाचं शेवटी त्यांनीच काढलं. त्याने मान खाली घातली, हिने रडून घेतलं आणि एका सकाळी साक्षीला वहिनी आणि दुकानातला एकजण घेऊन पाचजण जाऊन सह्या करून आले. सुनेने बाईंना फोन घेऊन दिला होता. त्यातला कॅमेरा त्यांना फार आवडला. दर रविवारी त्या दोघांना सोफ्यावर बसवायच्या, खिडकीचा पडदा अर्धा सारायच्या आणि म्हणायच्या, "हलू नका."

* * *

लिफाफा जेवणाच्या टेबलावर होता.

"आई, छापून आणलेत," सून चपला घालता घालता म्हणाली. "मागे तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर चांगलंय. संध्याकाळी मी सगळं चिकटवून त्यांच्याकडे देऊन येते. उद्या ते पुढे पाठवतायत."

"आणि वहिनींचा कागद?"

"त्या आणून देतील. सांगितलंय मी, नाती नीट लिहा म्हणून."

दार लोटलं गेलं. बाईंनी टेबल पुसलं, हात पुसले, भिंग घेतलं. लिहायला भिंगाची गरज नव्हती, पण फोटो म्हटला की हात आपोआप तिकडे जाई. पहिला फोटो काढून त्यांनी उजेडात धरला.

काहीतरी चुकलं होतं. आधी वाटलं, रंग चुकले. आजकाल छापणारे अंदाजाने छापतात. त्यांनी डोळे बारीक केले, फोटो लांब धरला, जवळ आणला. मग कळलं. भिंत मोकळी होती.

दुसरा काढला. मोकळी. तिसरा, चौथा, सगळे. सोफा होता, दोघं होती, सोफ्याजवळ बाजूच्या भिंतीला लावलेलं काचेचं कपाट होतं. वर नुसती भिंत, फिकट पिवळी, सारखी, कालच रंग दिल्यासारखी.

बाईंनी मान वर करून खऱ्या भिंतीकडे पाहिलं. तो होता. जागच्या जागी.

काम फोनवर झालं असणार. आता बोट फिरवलं की माणूस जातो, हे त्यांनी वहिनींच्या नातवाकडे पाहिलं होतं. वाईट नव्हतं काम. भिंतीचा पोत जुळवला होता, खिळ्याची सावलीसुद्धा नव्हती. नजर आपलं काम करतच राहिली, कडेकडेने, जन्मभराच्या सवयीने. आणि कपाटापाशी थांबली. कपाटाच्या काचेत फ्रेमचा एक कोपरा दिसत होता. काळी पट्टी, आणि तिच्या आत खांद्याचा तुकडा. भिंतीवरून गेला होता. काचेत राहिला होता. प्रत्येक फोटोत.

त्या खुर्चीवर बसल्या.

राग पहिल्यांदा आला, आणि तो सरळ होता. एवढं जड झालं होतं का त्याचं वर असणं? सांगायचं होतं, मी काढून ठेवला असता. पण राग फार टिकला नाही. त्याच्या मागून दुसरा विचार आला, सावकाश, चोरपावलांनी. तो आला तेव्हा बाईंनी भिंग खाली ठेवलं.

सूचनांचं पान त्यांना ऐकू येत होतं. काढल्याचं आढळल्यास. तिकडच्या माणसाला फोटो तपासायचाच पगार मिळत असेल, तो काच बघेलच. अर्ज परत येईल. बरीच वर्षं पुन्हा करता येणार नाही. मग ती कुठे जाणार? इथेच. संध्याकाळी चष्मा पुसणार, चहा करणार, रेडिओ लहान करा म्हणून भांडणार. लिफ्टवाला येईल वर्षा-दोन वर्षांनी सुट्टीवर, जाईल. आणि यात बाईंनी काय केलं? काही नाही. फोटो तिने छापले, तिनेच बदलले, सही तिची. त्यांनी फक्त मागे नावं लिहायची होती. ती खरीच लिहायची होती.

फक्त गप्प बसायचं होतं.

दारावर टकटक न करता वहिनी आत आल्या. हातात नवा कागद होता.

"घ्या. यावेळी नाती अशी लिहिलीत की वकील लाजेल." त्या समोर बसल्या. "चहा नको, आत्ताच झाला. अर्धा कप द्या."

बाईंनी फोटो पालथे केले आणि चहा टाकला. वहिनी बोलत राहिल्या.

"एक विचारू? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? हाताने सुनेचं लग्न लावून दिलंत, ठीक. आता विमानातही तुम्हीच बसवताय. गेली की गेली हो ती. औषधाच्या बाटलीचं झाकण उघडायला कुणाला हाक मारणार?"

"तुम्हाला."

"माझं माझ्याच्याने उघडत नाही!" वहिनी फणकारल्या. "एजंटाला सांगा, होत नाही म्हणावं. नाहीतरी सगळ्यांचं कुठे होतं? माझ्या भाचीचं नाहीच झालं. राहिली इथेच. आता बरी आहे."

"बरी आहे?"

वहिनींनी बशीत चहा ओतला. "आहे म्हणजे... आहे. जरा तिरसट झालीय."

बाईंनी वहिनींचा कागद वाचायला घेतला. सल्लागाराचा 'पूर्वीची' हा शब्द वहिनींच्या मनात चांगलाच भरलेला दिसत होता. पूर्वीची सून, पूर्वीची सासू, पूर्वीचं घर. आणि तिसऱ्या ओळीत, 'यांचा पूर्वीचा मुलगा.'

बाईंनी बोट ठेवलं.

"वहिनी, हे खोडा."

"का? तेच म्हणाला ना तो? सगळ्यांच्या आधी पूर्वीचा लावा."

"सून पूर्वीची होते. सासू होते. मुलगा नाही होत."

वहिनींनी कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. पेन घेतलं आणि तो शब्द दोनदा खोडला, एकावर एक, अगदी दिसेनासा होईपर्यंत. मग चहा अर्धा टाकून उठल्या. दारापाशी जाऊन म्हणाल्या, "झाकण मी उघडेन. फडक्याने धरलं की उघडतं."

त्या गेल्यावर बाईंनी फोटो पुन्हा सुलटे केले. नावं लिहायला म्हणून पहिला पुढे ओढला. पेनचं टोपण काढलं आणि तशाच थांबल्या.

हे फोटो त्यांनी काढले होते. एकेक आठवत होता. पडदा किती सारला होता तेही. पण प्रत्येक वेळी फोनच्या काचेत त्यांची नजर आधी वर जायची, तो चौकटीत नीट आला का, तिरपा तर नाही ना, आणि मग बटण दाबलं जायचं. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर तो आला नसता. उजेड तोच राहिला असता. ते पाऊल त्यांनी कधी टाकलं नव्हतं. सल्लागाराला उजेडाचं सांगितलं ते खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं.

आता वर बघायला काही नव्हतं, म्हणून नजर खाली आली.

लिफ्टवाला कॅमेऱ्याकडे बघत ताठ बसला होता, शाळेच्या ग्रुपमध्ये बसावं तसा. सून कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. हसू दाबलेलं होतं, पण दबलं नव्हतं. हनुवटी जरा वर, आणि हात सोफ्यावर त्याच्या हातापासून चार बोटं दूर, सासू समोर आहे म्हणून. बाईंनी दुसरा फोटो उचलला. त्यातही ती त्याच्याकडेच बघत होती. तिसऱ्यात तो काही पुटपुटला असावा, कारण तिचे डोळे मिटले होते आणि दात दिसत होते. ओळीने सगळे फोटो त्यांनी टेबलावर मांडले. 'हलू नका' असं आपण म्हणत होतो आणि समोर हे चाललं होतं. आपणच काढलेले फोटो आपण कधी पाहिलेच नव्हते.

उजेड सोफ्यावरून उतरून फरशीवर आला, फरशीवरून गेला. टोपण काढलेलं पेन तसंच राहिलं.

* * *

सून आली, तिने हात धुतले, बाईंच्या नाकावरचा चष्मा काढून ओढणीच्या टोकाने पुसला आणि परत बसवला.

"झालं लिहून?"

"नाही."

"का हो?"

बाईंनी एक फोटो तिच्या दिशेने सरकवला.

"काच राहिली," त्या म्हणाल्या.

सुनेने कुठली काच म्हणून विचारलं नाही. फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. ती त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवून राहिली. दिवसभर भिंगं घासून तिची बोटं पांढुरकी झाली होती. काचेवरचा केसाएवढा ओरखडा तिला दिसायचा. कपाटाची काच तिला दिसली नसेल, हे बाईंना आत्ता प्रथमच खरं वाटेना.

"तुला माहीत होतं."

"हो."

"हे असं गेलं असतं तर परत आलं असतं. तूच मोठ्याने वाचलंस."

"हो."

सुनेने खांद्यावरची पिशवी मांडीवर घेतली, डब्याखालून एक लिफाफा काढला आणि टेबलावर ठेवला. बाईंनी तो उघडला. तेच फोटो. सोफा, दोघं, कपाट, आणि वर तो, सगळ्यांत मधोमध.

"हे कधी छापलेस?"

"त्याच वेळी. दोन्ही एकदम."

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं.

"मला विचारायचं ना सरळ," बाई म्हणाल्या.

"विचारलं असतं तर तुम्ही जा म्हणाला असता. लगेच. मी चपला घालायच्या आत." सुनेचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "खरं कधी सांगितलं असतंत? मला वाटलं, हे फोटो एक दिवस तुमच्यापाशी राहू देत. तुम्ही गप्प बसलात, तर मी समजेन. तर हे मोकळ्या भिंतीचेच पाठवणार होते. परत कधी विषयही काढला नसता."

बाईंनी चष्मा काढला, नुकताच पुसलेला, आणि पुन्हा पदराने पुसला.

"आणि जन्मभर मनात म्हणाली असतीस, सासूमुळे राहिले."

"नसते म्हणाले."

"रेडिओ मोठा लावला की म्हणाली असतीस."

"तेव्हा म्हणाले असते," सून म्हणाली, आणि हसता हसता तिने तोंड ओंजळीत घेतलं. बाईंनी तिला तसंच राहू दिलं. पाणी आणायला उठल्या नाहीत, पाठीवर हातही फिरवला नाही. पेन घेतलं. तिने आणलेल्या लिफाफ्यातला पहिला फोटो पालथा केला आणि जुन्या सवयीच्या बारीक, सरळ अक्षरात लिहू लागल्या. बसलेले, डावीकडून, नवरा आणि बायको. मागे भिंतीवर, माझा मुलगा, हिचा पहिला नवरा. फोटो मी काढला. खाली तारीख घातली, शाई वाळावी म्हणून फुंकर मारली, फोटो बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला.

सुनेने डोळे पुसले. टेबलावर ओळीने मांडलेले मोकळ्या भिंतीचे फोटो तिने गोळा केले, जुळवले आणि फाडायला हातात धरले.

"ते फाडू नकोस," बाई मान वर न करता म्हणाल्या. "ते माझ्यापाशी राहू देत."

"हे? हे कशाला?"

बाईंनी ओळ पुरी केली. मग हात पुढे केला आणि सुनेने फोटो त्यांच्या हातात देईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

"यात तुम्ही दोघंच आहात," त्या म्हणाल्या.